ओढ्याकडची ओळ

धाराशिवच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवते. लोक माझ्याकडे दोनच कामांसाठी येतात. बोअर कुठं घ्यावं हे विचारायला, नाहीतर अंगठीतला खडा अस्सल आहे का ते दाखवायला. दोन्ही मला सांगता येत नाही म्हटलं, की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग तो चहा न घेताच निघतो. एका शेजारणीनं तर तोंडावर विचारलं होतं, की मग इतकी वर्षं दगडात डोकं घालून केलं काय. मी तिला उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझा स्वभाव जरा तापट आहे, तो अब्बांकडून आलाय.

अब्बा गवंडी. नळदुर्गच्या अलीकडं, हायवेपासून आत आमचं गाव आहे. पंचक्रोशीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या. ओळंबा लावायच्या आधीच नुसत्या डोळ्यांनी भिंत कुठं फुगलीय ते सांगायचे आणि मग ओळंबा लावून ते खरं करून दाखवायचे, कारण मजुरांसमोर मिरवायची त्यांना भारी हौस. घरात आमची भाषा दखनी आणि मराठी अशी खिचडी असते. अब्बा लाडात आले की दखनीत बोलतात आणि रागावले की मराठीत. त्यामुळे लहानपणी मला त्यांची मराठीच जास्त ऐकायला मिळाली.

अम्मा एका हिवाळ्यात गेली. फार आजारी नव्हती. दोन-चार दिवस ताप आला, नळदुर्गहून सोलापूरला नेईपर्यंत संपलं सगळं. आमच्या गावात बाया कब्रस्तानात जात नाहीत. दुसरीकडे जातात म्हणतात, आमच्याकडं ती पद्धत नाही. जनाजा उंबऱ्याबाहेर पडला आणि आम्ही बाया मागं राहिलो. तिला कुठं ठेवलं, कशी जागा आहे, हे मला धाकट्या भावानं नंतर फोनवर फोटो काढून दाखवलं.

कब्रस्तान गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं उतरत गेलेल्या जमिनीवर आहे. वरच्या ओळी भरलेल्या. ओढ्याकडची शेवटची ओळ तेवढी मोकळी होती, तिथं अम्माला जागा मिळाली. अब्बांनी त्याच दिवशी, हात झटकायच्या आधी, कब्रस्तानच्या कमिटीतल्या चौघांना सांगून टाकलं, "ही शेजारची माझी. दुसऱ्या कुणाला द्यायची न्हाय." असं जागा धरून ठेवायचं आमच्याकडं चालत नाही, पण त्या दिवशी त्यांना नाही कोण म्हणणार. कमिटीचे प्रमुख म्हणजे गावातले वयस्कर किराणा दुकानदार, अब्बांचे लंगोटीयार. ते म्हणाले, "तुमचीच हाय. घाई करू नका म्हंजे झालं."

अब्बांना घाईच होती. अम्मा गेल्यावर ते घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. जेवायला बसले तर अर्धी भाकरी ठेवून उठायचे. मी सुट्टीला गेले की मला ते एखाद्या कामाच्या ठिकाणचा नकाशा समजावून सांगावा तसं सांगायचे, की कफन कुठल्या पेटीत आहे, कुणाला कळवायचं, आणि जागा कुठली. "तुज्या अम्माच्या उजव्या अंगाला. इसरू नका." मला ते ऐकवायचं नाही. मी उठून भांडी घासायला जायचे.

आता त्या जमिनीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागातली काळी माती सगळ्यांना माहीत आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसाळ्यात ती चपलेला धरून ठेवते. हे ती का करते, ते मी पोरांना वर्गात दरवर्षी शिकवते. काळ्या पाषाणाची झीज होऊन जी चिकण माती तयार होते, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक आणि एकावर एक रचलेल्या पापडांसारखे. पाणी त्या पापडांच्या मधल्या फटीत शिरतं. मग माती फुगते, आणि फुगून मऊ झाली की एक पापड दुसऱ्यावरून सटकायला लागतो. कोकणातल्या तांबड्या मातीतली खनिजं वेगळी, ती एवढी फुगत नाहीत. तिथं दरडी कोसळतात त्या डोंगर उभे आणि पाऊस बेफाम म्हणून. आमच्याकडं डोंगर लागतच नाही. साधा उतार, आत चिकण माती, आणि पाणी अडकून बसलं, की एवढ्यावरही जमीन चालायला लागते.

कब्रस्तानात वर काळी माती, तिच्या खाली पिवळसर चिकणीचा थर आणि मग मुरूम. भेगांतून पाणी थेट त्या पिवळ्या थरापर्यंत पोचायचं. पण ते तिथं थांबायचं नाही, ओढ्याच्या काठातून हळूहळू झिरपून जायचं. त्यामुळे आजवर जमीन जागेवर होती.

अम्मा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात घुशींचा त्रास सुरू झाला. ओढ्याच्या काठातून घुशी बिळं करून वर यायच्या, आणि कबरी उकरायच्या. एक कबर आत खचली. ती अम्माची नव्हती, पण अब्बांनी ते पाहिलं आणि त्यांचं जेवणच सुटलं. कमिटीनं ठरवलं, खालच्या बाजूनं पक्की भिंत घालायची. गावातून चंदा निघाला, दगड एका खाणवाल्यानं फुकटच दिला, आणि बांधकाम अर्थातच अब्बांनी अंगावर घेतलं. गुडघे दुखायचे म्हणून त्यांनी थापी खाली ठेवून बरीच वर्षं झाली होती. भाऊ सांगायचा, की अब्बा सकाळी चहा घेऊन जे जातात ते ऊन टाळक्यावर आलं तरी परत येत नाहीत.

मला फोनवर कळलं तेव्हा मी पहिलं विचारलं, "अब्बा, भिंतीला पाणी जायला भोकं ठेवताय ना?"

"भोकं कशाला?"

"उताराचं पाणी मागं तुंबंल. चिकण माती आहे ती. फुगली की भिंतीला ढकलंल."

"आगं, घुशी येऊ नयेत म्हून तर भिंत घालायलोय. आन त्यातच भोकं ठिवू? म्हंजे घुशीला दारच करून दिल्यावानी."

"पण अब्बा, पाणी..."

"तुजं पाणी दिसत न्हाय. घूस दिसतीय." त्यांचा आवाज चढला. "दगडामधल्या सांदी, दर्जा, एक मुंगी जायची न्हाय अशा भरल्यात म्या. तिथं तुजी अम्मा हाय."

मीही चढ्या आवाजात बोलले. त्यांनी फोन ठेवला की मी, ते आता आठवत नाही. आमच्यात असं नेहमीच होतं, दोन दिवसांनी कुणीतरी दुसऱ्याच विषयावर फोन करायचं आणि भांडण मिटायचं. याही वेळी तसंच झालं. भिंत पुरी झाल्यावर भावानं फोटो पाठवला. सुंदर भिंत होती. सरळ, देखणी, कुठं एक फट नाही. घुशी बंद झाल्या. घुशींच्या बाबतीत अब्बांचं खरं होतं, आणि पाण्याच्या बाबतीत माझं, आणि ही दोन्ही खरी एकाच भिंतीत मावायला पाहिजे होती.

पुढचा पाऊस साधारण गेला. त्याच्या पुढच्या वर्षी परतीचा पाऊस मुक्कामालाच आला. रोज पडायचा. मी धाराशिवला खिडकीत बसून पेपर तपासत होते आणि माझं लक्ष पेपरात नव्हतं. एका सकाळी भावाचा फोन आला.

"आपा, कब्रस्तान सरकलंय. खालची ओळ सगळी. भिंत मधी फुटली. तू ये. अब्बा तिथनं उठंनात."

एसटीनं नळदुर्गला उतरले, तिथून भावानं गाडीवर नेलं. अब्बा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर दगडावर बसले होते. कपडे चिखलानं भरलेले. मला बघून उठले नाहीत. मी जवळ जाऊन बसले तेव्हा ते खालीच बघत म्हणाले, "दगड सरकलाय तिच्या उशाचा. हातभर खाली गेलाय. आता तू सांग, दगडच सरकला, का ती पण? ती हाय कुठं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरं विचारलं. "तिचं तोंड तर फिरलं न्हाय ना?"

आमच्यात माणसाला उत्तर-दक्षिण ठेवतात, तोंड किब्ल्याकडं, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. जमीन सरकताना वळली असेल तर ते तोंड भलतीकडंच झालं असेल, ही त्यांची धास्ती होती. रात्रभर ते तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करत बसले असणार. मी त्यांना म्हटलं, "अब्बा, हे मला बघून सांगता येईल. पण आत जावं लागेल."

कमिटीची माणसं तिथंच उभी होती. थोडी कुजबुज झाली. एकानं म्हटलं, भाऊ आतून फोटो काढून आणील, त्यावरून सांगा. मी म्हटलं, फोटोवरून नाही कळत, हात लावून बघावं लागतं. मग प्रमुखांनीच फाटक उघडलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "लेक हाय ती. आन कामाला आलीय. जाऊ द्या तिला."

अशी मी अम्माच्या कबरीशी पहिल्यांदा गेले. डोक्यावरून पदर, खांद्याला कॉलेजची पिशवी, पायात चिखलाचे गोळे. दोन वर्षं जी जागा फोनच्या पडद्यावर बघत होते ती समोर होती, आणि माझ्या मनात होतं त्यापेक्षा लहान होती. कबरीवर अब्बांनी लावलेलं सब्जाचं रोप तसंच उभं होतं. मी फातिहा पढले. मग बराच वेळ रडले. भाऊ दुसरीकडं तोंड करून उभा राहिला, आणि मी डोळे पुसून कामाला लागले, कारण बाहेर एक म्हातारा माणूस उत्तराची वाट बघत बसला होता.

वरच्या अंगाला जमीन कोयत्यासारखी वाकडी फाटली होती आणि खालचा भाग गुडघाभर खचला होता. खाली भिंतीचं पोट फुगून मधला तुकडा ओढ्यात पडला होता. तिथं, जिथं भिंत फुटली, जमिनीचा आतला काप उघडा पडलेला. वर काळी माती, खाली पिवळी चिकण, आणि त्या चिकणीत एक गुळगुळीत पृष्ठ, नांगराच्या फाळासारखं चकाकणारं, त्यावर उताराच्या दिशेनं बारीक ओरखडे. मी बोट फिरवलं. साबण लावल्यासारखं बोट सटकलं. जमीन याच्यावरून घसरली होती.

आता प्रश्न एवढाच, की हे पृष्ठ कबरीच्या तळाच्या वर आहे की खाली. वर असतं, तर नुसती वरची माती आणि दगड सरकले असते, आणि तळापाशी काय झालं असेल याचा विचारही नको वाटत होता. भावाकडून अब्बांचा टेप मागवला. कबर किती खोल खणली होती ते खणणाऱ्यानंच सांगितलं, तो तिथंच होता. मी काप मोजला, मग फाटलेल्या दुसऱ्या टोकाला मोजला. घसरण कबरीच्या तळाच्याही बरीच खाली होती, दोन्हीकडं. मग पिशवीतलं होकायंत्र काढलं. ज्या होकायंत्रानं मी पोरांना खडकांचे कल मोजायला शिकवते ते अम्माच्या उशाच्या दगडापासून पायथ्याच्या दगडापर्यंत धरलं. काटा त्या दोन दगडांमधल्या रेषेला धरून होता, उत्तर-दक्षिण. मी ते आजूबाजूच्या कबरींवर पण करून पाहिलं, कारण माझा माझ्या हातांवर त्या दिवशी विश्वास नव्हता.

बाहेर येऊन अब्बांना सांगितलं, "जमिनीची अख्खी लादी सरकलीय, अब्बा. अम्मा त्या लादीच्या आत आहे. जशी ठेवली तशीच, सगळी मातीही तीच, थोडी खाली गेली एवढंच. तोंड फिरलेलं नाही. मी मोजलंय."

"नीट मोजलंस?"

"दोनदा."

त्यांनी टोपी काढली, तिनं तोंड पुसलं, परत घातली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून दखनीत म्हणाले, "जीती रह, बेटी." मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

तेवढ्यात प्रमुखांनी विचारलं. त्यांचं काहीच चुकलं नाही, कमिटी म्हणून त्यांना विचारणं भागच होतं. "मॅडम, मग या ओळीत पुढं दफन करायला हरकत न्हाय ना?"

लहानपणी याच माणसानं मला दुकानातल्या गोळ्या दिल्या होत्या आणि आज ते मला मॅडम म्हणत होते, म्हणजे त्यांनाही उत्तराचं वजन ठाऊक होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या, अब्बांची सोडून. ते टोपी नीट करत होते. मला ठाऊक होतं काय सांगायचं. तिथं नवा खड्डा खणला तर पाणी सरळ त्या चिकणीवर जाणार, लादीचा आधार तुटणार, आणि मग ही ओळच नाही तर वरच्या दोन ओळी पण ओढ्यात येणार. त्यात कुणाकुणाच्या आया होत्या, लेकरं होती.

"नाही," मी म्हटलं. "ही ओळ बंद करावी लागेल. इथं कुदळ लावायची नाही."

अब्बा उठले आणि घराकडं चालायला लागले. भाऊ गाडी घेऊन मागं गेला तर त्याच्या गाडीवर बसले नाहीत.

मी रजा टाकून राहिले. अब्बा माझ्याशी बोलत नव्हते. मीठ हवं असलं तर भावाच्या बायकोला सांगायचे, आणि मीठ माझ्याच हाताशी असायचं. मी पण कमी नव्हते, मी ते मीठ भावजयीच्या हातात द्यायचे, मग ती त्यांना द्यायची. ती बिचारी वैतागून एकदा म्हणाली, "तुमी दोघं एकच डबी घेऊन बसा ना, मला सैपाक हाय." पण आतून मी पार खचले होते. त्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी एवढी एकच जागा मागितली होती, आणि ती त्याच्या लेकीनं चार लोकांत नाही म्हणून काढून घेतली.

मग एक दिवस पाऊस उघडला. अब्बा घरात नव्हते. भावजय म्हणाली, छिन्नी-हातोडा घेऊन गेलेत. मी किटलीत चहा घेतला आणि ओढ्यातून वळसा घालून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला गेले. अब्बा पाण्यात पाय रोवून उभे होते आणि भिंतीचा जो भाग शाबूत होता त्याला भोकं पाडत होते. स्वतः भरलेल्या दर्जा ते छिन्नीनं उकरत होते, आणि इतक्या पक्क्या भरल्या होत्या, की निघता निघत नव्हत्या. दोन भोकं झाली होती. त्यात पाइपाचे तुकडे बसवलेले, आणि प्रत्येक तुकड्याच्या आतल्या तोंडाला त्यांनी तारेची बारीक जाळी बांधली होती. पिवळं पाणी बारीक धारेनं बाहेर येत होतं.

"घूस जाईल का यातनं?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांनी मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"नाही जाणार. जाळीच्या मागं खडी टाका मात्र, नाहीतर चिकणीनं बुजंल."

"टाकतो." त्यांनी चहा घेतला. "फुटलेल्या जागी काय करू?"

"नुसते दगड रचा. सिमेंट नको. आणि वरच्या अंगाला चर खणायला सांगा, गावाकडचं पाणी आत येता कामा नये."

ते मान हलवत राहिले. कामाचं बोलणं सुरू झालं की अब्बा वेगळेच होतात, माझ्यासारखेच. मला बरं वाटलं. मी किटलीतला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला आणि दोघं काठावर टेकलो.

"ही माती," कप हातात धरून ते म्हणाले, "सुकली म्हंजे? पानी काढलं समदं, चर खणला. मग तरी खणता येईल का तिथं? आमच्या कामापुरतं एकच."

खोटं बोलायची गरज नव्हती. घसरलेली चिकण परत खडबडीत होत नाही, पण तिच्यावर पाणी नसलं तर ती जागची हलत नाही. नीट निचरा झाला तर एक खड्डा, उन्हाळ्यात, जपून, खणता आला असता.

"येईल," मी म्हटलं. "पण लगेच नाही. आतलं पाणी उतरायला वेळ लागतो."

"कवा?"

"चार उन्हाळे तरी जायला पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत राहिले.

"म्हंजे तवर मला मरता यायचं न्हाय."

"नाही यायचं."

"लई झालं की गं ते."

"मातीचं काम आहे, अब्बा. तिथं घाई चालत नाही."

त्यांनी कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिसऱ्या भोकाची जागा डोळ्यांनी जोखली. "बरं," म्हणाले, आणि छिन्नी लावली.

मी उत्तर देण्याआधी मनात अंदाज करून पाहिला होता. उतार लहान, भोकं वाहायला लागलेली, वरून चर खणला जाणार. अशा जमिनीला दोन उन्हाळे पुरतात. वरचे दोन मातीला नको होते. ते मी माझ्यासाठी मागून घेतले.